सूर्यरथ आणि वास्तवाचे गणित

रथसप्तमीला आपण सात अश्वांच्या रथात आरूढ झालेल्या सूर्यनारायणाचे पूजन करतो. त्याच्याच तेजावर आपली मोटार धावावी, ही कल्पना भारतीय मनाला भावणारी आहे. पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीने जानेवारी २०२५मध्ये दिल्लीतील प्रदर्शनात ‘ईव्हा’ ही छोटी विद्युत मोटार सादर केली. तिच्या छतावरील सौरपटलामुळे वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंतचा प्रवास होईल, असे कंपनी सांगते. म्हणजे दिवसाला सुमारे आठ किलोमीटर. उरलेल्या प्रवासासाठी बॅटरी घरच्या विजेवर भरावी लागणार.

हा आकडा लहान आहे, पण वास्तवाला धरून आहे. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतके ऊन पडते आणि पटल त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाची वीज करते. छतावर दीड चौरस मीटर पटल बसले तरी हाती येतात ३०० वॅट. घरातील इस्त्रीलाही त्याहून अधिक लागतात! त्यातून धूळ, सावली आणि पावसाळ्याचे चार महिने वजा करायचे. कोथरूडमधील मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी तर इमारतीखालच्या सावलीत उभी असते. ती उन्हात ठेवावी, तर उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. वजन कमी करावे, तर मजबुतीचा प्रश्न उभा राहतो. १९६६मध्ये स्थापन झालेल्या आणि कोथरूडच्याच वेताळ टेकडीवर असलेल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांच्या चाचण्यांत केवळ उत्साहाला गुण मिळत नाहीत.

युरोपलाही हा अनुभव आला. २०२३च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या ‘लाइटइयर’ने आपल्या पहिल्या सौर मोटारीचे उत्पादन थांबवले, फेब्रुवारीत जर्मनीच्या ‘सोनो मोटर्स’ने आपला मोटार प्रकल्पच गुंडाळला.

मग हा ध्यास सोडावा काय? मुळीच नाही. मात्र स्वदेशीचा अभिमान हा गणिताला पर्याय नव्हे. मोटारीच्या छतावर जे साधत नाही, ते इमारतीच्या गच्चीवर साधते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा लाभ घेऊन तेथे वीज निर्माण करावी आणि तिच्यावर खाली उभी असलेली गाडी भरावी, हा आजचा व्यवहार्य सूर्यरथ आहे.

खरे आव्हान त्यापुढचे आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२च्या अहवालानुसार सौरपटल निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. सूर्य आपला आणि पटल परक्याचे, ही अवस्था स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारी नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील तरुणांनी अधिक कार्यक्षम स्वदेशी पटलाच्या संशोधनाला वाहून घ्यावे आणि समाजाने त्यांच्या अपयशातही पाठीशी उभे राहावे. सूर्योपासनेचा आजच्या काळातील अर्थ हाच आहे.