वडील काय करतात?

गेल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात नोकरीच्या मुलाखतीचा सराव घेतला. एक टेबल, पलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे एक. रेल्वेतून बुकिंग क्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक काका, शाळेतल्या एक बाई आणि मी, असे आम्ही तिघे 'साहेब' झालो. सात मुले-मुली आली होती. त्यात बँकेच्या अधिकारी पदाची मुख्य परीक्षा पास झालेली एक मुलगी होती. तिचीच गोष्ट आज सांगायची आहे.

मुलगी हुशार. रेपो दर म्हणजे काय, विचारले. रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो दर, असे तिने सांगितले. कर्ज थकल्यावर किती दिवसांनी अनुत्पादित धरतात? नव्वद. आवाज खणखणीत. मग बाईंनी सहज विचारले, "वडील काय करतात?"

"नगरपालिकेत आहेत."

"कोणत्या खात्यात?"

"आरोग्य खात्यात."

"पद काय?"

मुलगी गप्प. मान खाली गेली. त्यानंतरचे तीन प्रश्न सोपे होते, तिन्ही चुकले.

तिला न्यायला आलेले वडील दाराशी उभे होते, हे तिलाही माहीत नव्हते आणि आम्हालाही नाही. ते तिथूनच म्हणाले, "सांग की, झाडू मारतो म्हणून. त्याच पगारातून तुझी फी भरली ना?"

विहारात कोणी काही बोलेना. काकांनी चहा मागवला. चहा झाल्यावर आम्ही तिला पुन्हा खुर्चीत बसवले आणि तोच प्रश्न विचारला. यावेळी ती म्हणाली, "माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. पहाटे साडेपाचला त्यांची हजेरी लागते. आई दोन घरची धुणीभांडी करते. आम्ही तीन भावंडे शिकतो आहोत." एवढेच. तेव्हा काकांनी पुढचा प्रश्न टाकला, "मग सफाई कामगारांसाठी तुमची बँक काय करू शकेल?"

आणि मुलगी बोलायला लागली. पगार खात्यात जमा होतो, पण आठ दिवसांत सावकाराच्या हाती जातो. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे, पण वडिलांच्या बरोबरीच्या अनेकांनी तो अर्ज भरलेला नाही, कारण बँकेत गेल्यावर कोणी धड बोलत नाही. हजेरीच्या जागी जाऊन महिन्यातून एक दिवस अर्ज भरून घेता येतील. हे कोणत्या गाईडमध्ये नाही. जे ती लपवत होती तेच तिला सगळ्यांत चांगले माहीत होते.

आपल्या मुलांना अवघड जाणारे प्रश्न बहुतेक वेळा अभ्यासाचे नसतात. वडील काय करतात, कुठे राहता, दोन वर्षे घरी का होता, बारावीला एवढे कमी गुण कसे. यांची उत्तरे घरातच असतात, पण ती कधी मोठ्याने उच्चारलेली नसतात. आरशासमोर नको, आईवडिलांसमोर बसून एकदा म्हणा. घसा तिथे दाटायचा तेवढा दाटू द्या. दोन वर्षे गॅरेजमध्ये काम केले असेल तर गॅरेज सांगा आणि तिथे काय शिकलात तेही सांगा.

दुसरा एक प्रश्न येतो, त्याचा अभ्यास मात्र करून जा. "तुम्ही बौद्ध, मग अनुसूचित जातीत कसे?" विचारणारा कधी मुद्दाम विचारतो, कधी त्याला खरेच माहीत नसते. उत्तर सरळ आहे. अनुसूचित जातींचा आदेश १९५० सालचा. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना त्याचा लाभ केंद्रात मिळत नव्हता. १९९० साली संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि तो मिळू लागला. १९५६ नंतरची ती चौतीस वर्षे आपल्या किती माणसांची गेली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जा. त्यानंतर "मग गुणवत्तेचे काय?" असे आले तर राज्यघटनेचे कलम १६(४) सांगा, पेपर सगळ्यांना एकच होता हेही सांगा, आणि थांबा. राग येईल, यायलाच हवा. तो बाहेर आल्यावर माझ्यापाशी काढा.

मुलींना विचारतात, लग्न झाल्यावर बदलीच्या गावी जाल का? पदाच्या अटी वाचूनच अर्ज केला आहे आणि घरी बोलणे झाले आहे, असे सांगावे. पालकांनो, ते बोलणे खरोखर झालेले असू द्या.

आता माझी फजिती. २००३ साली बी.कॉम. होऊन मी एका पतसंस्थेत मुलाखतीला गेलो. घसाऱ्याच्या स्थिर हप्ता आणि घटती शिल्लक या दोन्ही पद्धती मी घडाघड सांगितल्या. मग विचारले, नाबार्डची स्थापना कधी? मला येत नव्हते. ठोकून दिले, १९६९. साहेब हसून म्हणाले, "बरं, मग १९६९ साली आणखी काय झालं?" त्या वर्षी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले हे मला पाठ होते, पण एक खोटे सांभाळताना खरे तोंडातून निघेना. नाबार्ड १९८२ सालची. "माहीत नाही, सर" एवढे तीन शब्द म्हटले असते तर पुढचा प्रश्न माझा होता. नोकरी गेली. वर्षभर त्या रस्त्याने जात नव्हतो.

थोडे नियमांचे. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट क, गट ड आणि तशाच अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद झाल्या. बँकेच्या क्लार्कलाही मुलाखत नाही. त्यामुळे या पदांसाठी शंभर-दोनशे रुपयांचे मुलाखतीचे गाईड घेऊ नका, तो पैसा लेखी परीक्षेच्या पुस्तकांना ठेवा. सरकारी बँकांच्या अधिकारी पदाला मुलाखत आहे. बहुतेक बँकांच्या अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असे वजन असते. मुलाखतीत शंभरपैकी किमान ४० गुण लागतात, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३५. केंद्राच्या नोकरीला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. तो आदल्या आठवड्यात मिळत नाही, आत्ताच बघा.

त्या मुलीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. तिच्या वडिलांनी त्या दिवसाची रजा आतापासून टाकली आहे. तोपर्यंत दर रविवारी दुपारी चार वाजता विहारात सराव चालू राहील. येताना अर्जाची प्रत आणा, कारण तुम्ही अर्जात जे लिहिले आहे त्यावरच आम्ही विचारणार आहोत.