गाळे वाढले, बाजार आकसला

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एखाद्या गावाची प्रगती सांगायची झाली की हल्ली लोक दुकानांच्या नव्या इमारतीकडे बोट दाखवतात. खाली गाळे, वर गाळे, मधून जिना आणि दर्शनी भिंतीवर ‘व्यापारी संकुल’ अशी ठसठशीत अक्षरे. गावाबाहेर हमरस्त्याच्या कडेला आता मोठमोठ्या काचांची दालनेही दिसू लागली आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पावसात न भिजता, गाईगुरांचे धक्के न खाता सौदा घेता आला तर कोणाला नको आहे? माझा प्रश्न वेगळाच आहे. या साऱ्या थाटामाटात घेणाऱ्याची सोय झाली; पण डोक्यावर पाटी घेऊन विकायला येणाऱ्याची जागा कुठे गेली?

हा प्रश्न भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. बाजार कशाने मोठा होतो याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या खामगावने फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

१८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी खामगावात दुकाने थाटली ती तूप, सूत आणि थोडाबहुत कापूस यांची. त्या काळी वऱ्हाडातला माल बैलांच्या पाठीवरून जाई. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवला, तो पाचशे बैलांवर लादून. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगावचे नशीब फळफळले. १८६७ साली तेथे नगरपालिका आली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि एवढ्याशा फाट्याच्या उद्घाटनाला हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर राहिले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. बुलढाण्याकडे ते १९०५ च्या फेररचनेत आले. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बुलढाण्याला आजही रेल्वे नाही, आणि खामगावला ती १८७० सालीच मिळाली, ती केवळ बाजारामुळे.

या बाजारात गर्दी कोणाची होती? विकणाऱ्याची. गाड्यांच्या रांगा लावून शेतकरी कापूस आणी. तो विकला की पैसा कनवटीला लावून कापड, गूळ, मीठ, औतफाट्याचे लोखंड घेऊनच घराकडे निघे. विकायला आलेला माणूसच परतताना गिऱ्हाईक होई. खामगावची ‘रजतनगरी’ म्हणून जी ख्याती झाली, तिच्याही मुळाशी मला तर हाच हिशेब दिसतो. ज्या घरात पासबुक पोहोचले नव्हते त्या घरात चांदीचे तोडे आणि वाळे हीच ठेव होती. चांगल्या सालात अंगावर चढायची, दुष्काळात उतरायची.

तो बाजार काही रामराज्य नव्हता. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचे, मापात मारले जायचे, धर्मादायाच्या नावाने कपात व्हायची. पण हा जाच दिसत होता, म्हणून त्याच्यावर इलाजही निघाला. शेतमालाच्या बाजाराला नियम लावण्याची देशातली सुरुवात वऱ्हाडातच झाली: १८८६ साली कारंज्याला, आणि १८९७ च्या कायद्याने साऱ्या वऱ्हाडात. आजच्या बाजार समित्या ज्या १९६३ च्या कायद्याने चालतात, त्याची मुळे इथे आहेत. विकणाऱ्याला संरक्षण दिले तर बाजार बुडत नाही, उलट वाढतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कळले होते.

मग आपले कुठे चुकते आहे? पुण्याच्या मंडईची गोष्ट इथे आठवते. १८८६ साली ती दिमाखदार इमारत उघडली, तेव्हा तिला लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. शिक्षणाकडे दुर्लक्ष करून नगरपालिकेने इमारतीवर एवढा पैसा घालावा, याला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. काळाचा न्याय असा की पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पण त्या मंडईचा एक गुण मान्य करायला हवा. तिच्यात ओटे होते. शटर लावलेले गाळे आणि भाजीवालीचा ओटा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ओट्यावर टोपली मांडता येते. गाळ्यासाठी आधी अनामत मांडावी लागते.

आता साता समुद्रापलीकडचे उदाहरण घ्या. ज्याला आपण ‘मॉल’ म्हणतो त्याचा आद्य शिल्पकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. नाझींमुळे १९३८ साली त्याला देश सोडावा लागला. अमेरिकेतल्या उपनगरांत माणसांना एकत्र भेटायला जागा नाही हे पाहून त्याने गावातल्या चौकासारखी छपराखालची बाजारपेठ कल्पिली. मिनेसोटा राज्यात १९५६ साली ‘साउथडेल’ उघडले. त्याच्या मनातल्या आराखड्यात भोवती घरे, शाळा, बाग, तळे असे सारे होते. प्रत्यक्षात उभी राहिली ती दुकाने आणि मोटारी लावायची मैदाने. म्हातारपणी त्याने या अपत्याशी नाते सांगायलाही नकार दिला. तो मायदेशी परतला, तर व्हिएन्नाच्या वेशीवरही तसलेच अवाढव्य केंद्र उभे राहिले! आपल्याकडे मुंबईत १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ उघडले, तेव्हा लोक नुसते बघायला लोटले होते. काही वर्षांतच त्याची रया गेली. चौकाची नक्कल करता येते. चौकात विनाकारण उभे राहण्याचा हक्क मात्र इमारतीबरोबर येत नाही.

बँकेत अधिकारी असताना या फरकाची दुसरी बाजू मी रोज पाहिली. गाळा असलेला माणूस अर्ज घेऊन आला की त्याच्या मागे जागा, करारपत्र, नोंदणी असे सारे उभे असे. भाजी विकणारी बाई आली की तिच्यामागे काहीच नसे. नियम तारण मागत, आणि तिच्या उलाढालीला कागद नसे. अशाच एका बाईला आमच्या शाखेत कोणी विचारले, “बाई, दुकानाला छप्पर तरी आहे का?” ती म्हणाली, “छप्पर नाही, म्हनूनच तं पैसे मांगून राह्यली ना साहेब. छप्पर असतं तं तुमच्याकडं कायले आली असती?” पतपुरवठ्यावर ऐकलेल्या कितीतरी भाषणांपेक्षा हे वाक्य मला जास्त शिकवून गेले.

पुढे कायद्यालाही हे कळले. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांची पाहणी करावी, विक्रीच्या जागा ठरवाव्यात, आणि त्यासाठीच्या समितीत निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, त्यांतही एक तृतीयांश स्त्रिया. २०२० साली केंद्राने पथविक्रेत्यांना विनातारण कर्ज देण्याची योजना आणली; पहिला हप्ता दहा हजारांचा होता. पण कर्ज मिळाले आणि बसायला जागाच नाही, तर त्या पैशाचा माल मांडायचा कुठे?

दुकानदार म्हणतील, आम्ही कर भरतो, भाडे भरतो, आणि दारात हातगाड्या. त्यांचे म्हणणे खोटे नाही. नगरपालिकाही म्हणेल, गाळ्यांची अनामत एकरकमी मिळते, टोपलीमागची पावती चिल्लर. तेही खरे. पण बाजाराच्या दिवशी खेड्यातून माणूस येतो म्हणून तर गाळ्यात गिऱ्हाईक चढते. टोपलीवाली उठली की चार दिवसांनी गाळेवालाही माशा मारतो, आणि आता तर त्याच्या गिऱ्हाइकाच्या हातात फोन आहे.

म्हणून मागणे थोडे आहे. बाजाराच्या जागेवर संकुल बांधायचेच असेल तर तळमजल्याचा एक भाग ओट्यांसाठी राखा. सावली, नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आधी. दर्शनी काचा नंतर. ओट्याची पावती रोजची असू द्या, कारण खेड्यातल्या माणसाची कमाईही रोजची असते.

हे आजच सांगायचे कारण आहे. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर आणि सिंदखेड राजाच्या बाजूने गेला, आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. त्याच्या कडेने नवनगरे वसवण्याची योजना आहे, आणि त्यांना नाव दिले आहे ‘कृषी समृद्धी केंद्र’. नावात कृषी आधी आहे, हे नकाशा काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. १८७० साली रेल्वे बाजाराकडे आली होती. आता रस्ता आधी आला आहे आणि बाजार मागून यायचा आहे. तो आल्यावर तिथे आपली कास्तकारीण टोपली घेऊन बसलेली दिसली पाहिजे. नुसती काचेबाहेरून आत बघत उभी असलेली नव्हे.