नामवंत महाविद्यालय कोणासाठी?

दहावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांत एक विलक्षण अस्वस्थता पसरते. पसंतिक्रमाच्या पहिल्या रकान्यात कोणत्या महाविद्यालयाचे नाव घालावे, यावर आप्तेष्टांची खलबते होतात. आणि अर्ध्या टक्क्याने ते नाव हुकले, तर मुलाचे भवितव्यच हुकले अशा समजुतीने घरावर सुतकी कळा येते. ही समजूत कितपत खरी आहे, हे एकदा शांतपणे तपासून पाहिले पाहिजे.

नामवंत महाविद्यालयांतील विद्यार्थी पुढे येतात, हे कोणी नाकारणार नाही. परंतु ते यश महाविद्यालयाचे, की निवडून घेतलेल्या विद्यार्थ्यांचे? या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९७६ मध्ये महाविद्यालयांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढील मिळकत तपासली. सारख्याच संस्थांनी ज्यांना प्रवेश देऊ केला होता, पण ज्यांपैकी काहींनी नामवंत संस्था पत्करली आणि काहींनी तुलनेने साधी, अशांची त्यांनी तुलना केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की दोहोंच्या सरासरी मिळकतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १२ अग्रगण्य खासगी विद्यापीठांविषयी असाच शोध घेतला. तेथेही सरासरी मिळकत फारशी वाढलेली दिसली नाही. मात्र सर्वाधिक मिळकतीच्या एक टक्का लोकांत जाऊन बसण्याची शक्यता सुमारे दीडपट झालेली आढळली. म्हणजे अगदी वरच्या पायरीवर नावाला मोल आहे. सामान्य सुखवस्तू जीवनासाठी ते अपरिहार्य नाही.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. डेल व क्रूगर यांनाच असे दिसले होते, की गरीब घरांतून आलेल्यांना नामवंत संस्थेचा स्पष्ट लाभ झाला. ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते त्यांच्याबाबत पुढील अभ्यासातही हेच आढळले. अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असे नाही. पण त्यामागील कारण आपल्या परिचयाचे आहे. शिक्षकाच्या वा वकिलाच्या मुलाला पुस्तके, सल्ला, ओळखीपाळखी आणि पुढच्या परीक्षांची माहिती घरातच मिळते. शेतमजुराच्या मुलीला हे सारे महाविद्यालयातच मिळाले तर मिळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सयाजीराव गायकवाडांच्या साहाय्याने ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले, १९१२ मध्ये पदवीधर झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रज्ञा त्यांची स्वतःची होती. परंतु ती दारे बंद राहिली असती तर किती हानी झाली असती! मात्र आपल्याला मिळालेल्या संधीवर ते समाधान मानून राहिले नाहीत. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात १९४७ मध्ये महाविद्यालय काढले, त्यामागेही हीच दृष्टी होती. सर्वांना एकाच नामवंत दारातून आत घेता येत नाही, तेव्हा चांगली दारेच वाढवावी लागतात.

आज नेमके उलट घडते. गुणवत्ता यादीतील गुणांमागे पुष्कळदा शिकवणीचा पैसा असतो. त्यामुळे नामवंत संस्थेतील जागा बहुधा त्यालाच मिळते, ज्याचे तिच्यावाचून फारसे अडले नसते. म्हणूनच राखीव जागा, शिष्यवृत्त्या आणि शहरांतील वसतिगृहे यांना उपकार समजणे चूक आहे. जेथे शिक्षणाचे फळ सर्वांत अधिक येते, तेथेच ते देण्याचा तो शहाणपणा आहे. त्याचबरोबर तालुक्याच्या महाविद्यालयांतील रिक्त पदे भरणे आणि तेथील ग्रंथालये व प्रयोगशाळा सुसज्ज करणे हेही अगत्याचे आहे, कारण बहुसंख्य विद्यार्थी तेथेच शिकणार आहेत.

ज्या पालकांनी घरात पुस्तके आणली, मुलांशी संवाद ठेवला, त्यांनी अर्ध्या टक्क्यासाठी मुलाला अपराधी ठरवू नये. त्याचे फारसे काही हुकलेले नाही. चिंता करायची असेल तर ज्यांच्या घरात पसंतिक्रमाचा अर्ज समजावून सांगणारेही कोणी नाही, त्या मुलांची करावी.