लिंक जोडली, पण आकडा कुणी तपासला?

रुग्णालयाची नवी इमारत पाहायला आलेल्यांना चकचकीत फरशी, लिफ्ट आणि रंगवलेल्या भिंती दिसतात. रुग्ण बरा होण्याशी ज्यांचा अधिक संबंध, त्या गोष्टी मात्र भिंतीत आणि छतात दडलेल्या असतात. प्रत्येक खाटेमागे ऑक्सिजनचे किती पॉइंट, खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलणार, वीज गेल्यावर जनरेटरवर किती प्लग चालणार, हे सारे बांधकामाच्या कितीतरी आधी एका तक्त्यात ठरते. तिथला एक आकडा चुकला, तर पुढे त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

हा तक्ता बहुधा दोन ठिकाणी राहतो. एक प्रत एक्सेलमध्ये, जिथे खोल्या, खाटा आणि उपकरणांचा हिशेब होतो. दुसरी नकाशाच्या कागदावर, जी पाहून ठेकेदार काम करतो. कितीतरी कार्यालयांत एक्सेलमधले आकडे ड्राफ्ट्समन नकाशात पुन्हा टाइप करतो. मग अतिदक्षता विभागातल्या खाटा १० वरून १२ होतात, एक्सेलमध्ये दुरुस्ती होते आणि नकाशात ती राहून जाते. भिंत बांधून झाल्यावर दोन खाटांमागे ऑक्सिजनच नाही, हे लक्षात येते. केसपेपरवरचा डोस औषधांच्या तक्त्यावर उतरवताना दशांशचिन्ह सरकले तर काय होते, हे प्रत्येक वॉर्डला ठाऊक असते. जितक्या वेळा नक्कल, तितक्या चुकीच्या जागा.

यावर तंत्रज्ञानाने दिलेला उपाय चांगला आहे. ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून ‘डेटा लिंक’ची सोय आहे. तक्ता टाइप करायचा नाही. एक्सेलची कोणती फाइल, कोणती शीट आणि कोणते रकाने हवेत, एवढे दाखवून द्यायचे. जोडलेल्या तक्त्याच्या कोपऱ्यांत हिरवे कंस दिसतात आणि त्यातली घरे कुलूपबंद राहतात. त्यामुळे नकाशात बसून कुणी सहज आकडा फिरवू शकत नाही. मूळ फाइल बदलली की सूचना येते आणि ‘अपडेट’ केले की नवे आकडे नकाशात उतरतात. रुग्णालयासारख्या शेकडो खोल्यांच्या इमारतीत ही सोय वापरायलाच हवी. न वापरण्याला आता सबब उरलेली नाही.

तरीही लिंक जोडली म्हणजे निश्चिंत झालो, असे नाही. सूचना आली तरी अपडेट कुणाला तरी करावे लागते. घाईत सूचना बंद करून प्रिंट काढली, तर जुनाच तक्ता छापला जातो. एक्सेलची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा तिचे नाव बदलले, तर लिंक तुटू शकते. अशा वेळी तक्ता रिकामा होत नाही; तो शेवटचे आकडे तसेच दाखवत राहतो, म्हणून वरवर पाहता बिघाड कळत नाही. शिवाय साइटवर गेलेली छापील प्रत गोठलेलीच असते. एक्सेलच्याही खोडी आहेत. खोलीचा क्रमांक ‘५-२’ असा टाकला, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते आणि तीच तारीख लिंकमधून इमानेइतबारे नकाशात पोहोचते.

इथेच खरा मुद्दा आहे. लिंक आकडा जसाच्या तसा पोहोचवते. तो बरोबर आहे का, हे ती विचारत नाही. मूळ चूक असेल तर ती आता हाताने नव्हे, यंत्राच्या वेगाने सगळ्या नकाशांवर पसरते. आणि सगळीकडे सारखाच दिसणारा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो.

एडिंबरामधल्या मुलांच्या रुग्णालयाचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. ‘रॉयल हॉस्पिटल फॉर चिल्ड्रन अँड यंग पीपल’ची नवी इमारत बांधून तयार होती. जुलै २०१९ मध्ये रुग्ण हलवायला जेमतेम काही दिवस उरले असताना स्कॉटलंडच्या आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी स्थलांतर थांबवले. अतिदक्षता विभागातली हवा प्रत्यक्ष मोजल्यावर ती निकषांत बसत नसल्याचे दिसले होते. तिथे तासाला १० हवाबदल हवे होते. यंत्रणा बसवली होती ४ हवाबदलांची. शोध घेत गेल्यावर माग एका स्प्रेडशीटपर्यंत पोहोचला. कोणत्या खोलीत हवा कशी असावी, याचा तो तक्ता होता. चार खाटांच्या साध्या खोलीचे निकष अतिदक्षतेच्या ओळीत नक्कल झाले असावेत, असे लेखापरीक्षणात म्हटले आहे. चूक २०१२ मधली होती. नंतरच्या वर्षांत तो तक्ता अनेक तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला आणि चूक तशीच राहिली. रुग्णालय पूर्णपणे सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडला.

४ आणि १० मधला फरक किती? एखादी खोली ६० घनमीटरची आहे असे धरू. ४ हवाबदलांसाठी तासाला २४० घनमीटर हवा लागते, १० साठी ६००. म्हणजे पंखा वेगळा, डक्ट रुंद आणि छतात जागा जास्त. नंतर बदलायचे तर छत उघडावे लागते. हवा खोलीत नीट मिसळते असे मानले, तर आत तरंगणारे कण ९९ टक्के कमी व्हायला ४ हवाबदलांत सुमारे ६९ मिनिटे लागतात, १० मध्ये सुमारे २८. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा नुकत्याच मोठ्या शस्त्रक्रियेतून बाहेर आलेल्या मुलासाठी हा फरक कागदावरचा नाही.

एडिंबरात दोष लिंकचा नव्हता. तिथली सगळी कागदपत्रे लिंकने जोडलेली असती, तरी ४ हा आकडा तितक्याच सफाईने सगळीकडे उतरला असता. तो चुकीचा आहे हे ओळखायला त्या खोलीत कोण रुग्ण झोपणार, हे माहीत असलेला माणूस लागतो.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयाची इमारत बहुधा सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो आणि ती वापरते आरोग्य किंवा वैद्यकीय शिक्षण खाते. दोघांमधला दुवा म्हणजे हाच तक्ता. म्हणून गरजांची मूळ फाइल एकच असावी आणि तिची प्रत रुग्णालयाकडेही असावी. शेवटचा बदल कुणी आणि कधी केला, हे तिच्यात दिसावे. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या निकषावरून आला, याचा एक रकाना ठेवावा. छापील नकाशावरच्या तक्त्याखाली मूळ फाइलचे नाव आणि अपडेटची तारीख यावी. यातल्या कशालाही वेगळे अनुदान लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या विभागाचे डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर आणि संसर्ग नियंत्रण समिती यांनी तो तक्ता ओळीओळीने वाचून मगच सही करावी. डॉक्टरांनी रुग्ण पाहायचे की नकाशे, असे कुणी म्हणेल. ओपीडीतली गर्दी खरी आहे. पण दोन तासांचे हे वाचन पुढची तीस-चाळीस वर्षे तिथे दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी असते. आणि इमारत ताब्यात घेताना हवा, दाब आणि ऑक्सिजनचा प्रवाह प्रत्यक्ष मोजून घ्यावा. उद्घाटनाची तारीख त्यानंतर ठरवावी.