साथीने हिरावलेली साथ

२०२० च्या मार्चमध्ये इंग्लंडमधील शाळा बंद झाल्या आणि त्या उन्हाळ्यातील सार्वजनिक परीक्षाही रद्द झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे दोन वर्षे गणिताचे, विज्ञानाचे, इतिहासाचे मूल्यमापन कसे करावे यावर तेथे पुष्कळ वाद झडला. संगीत हा त्या मानाने लहान विषय. परंतु परीक्षा म्हणजे नेमके काय मोजणे, हा प्रश्न त्या काळात जर कोठे सर्वांत उघडा पडला असेल, तर तो या लहान विषयातच. गणिताची उत्तरपत्रिका घरी बसून सोडविली तरी ती गणिताचीच उत्तरपत्रिका राहते. चौघांनी मिळून वाजवावयाची रचना एकट्याने खोलीत बसून वाजविली, की ती दुसरीच वस्तू होते.

इंग्लंडमधील विद्यार्थी सोळाव्या वर्षाच्या सुमारास जी. सी. एस. ई. ही परीक्षा देतात. संगीत हा तीतील एक ऐच्छिक विषय. त्यात शेकडा ४० गुण श्रवण व रसग्रहणाच्या लेखी परीक्षेला, ३० सादरीकरणाला आणि ३० स्वतंत्र रचनेला असतात. सादरीकरण एकूण किमान चार मिनिटांचे असावे आणि त्यातील किमान एक मिनिट तरी इतरांच्या संगतीत गाइलेले वा वाजविलेले असावे, असा साथीपूर्वीचा दंडक होता. रचना दोन करावयाच्या. एक परीक्षा मंडळाने दिलेल्या सूचनेनुसार, दुसरी आपल्या मनाने. म्हणजे शेकडा ६० गुण प्रश्नपत्रिकेच्या बाहेरचे. वर्ग, वाद्य, सोबती आणि शिक्षक ही चारही एका ठिकाणी असतील, हे या योजनेत गृहीतच धरलेले होते. साथीने नेमके हे गृहीतकच काढून घेतले.

हवेतला धोका

त्यातच संगीतावर आणखी एक संशय होता. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायन मंडळाची तालीम झाली. तालमीला ६१ जण हजर होते. त्यांपैकी ५३ जणांना रोगाची लागण झाल्याचे निश्चित झाले वा तसे मानले गेले आणि दोघे दगावले. या घटनेचा अहवाल जगभर पोहोचला आणि एकत्र गाणे ही धोक्याची गोष्ट ठरली. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने शरद ऋतूत शाळा उघडताना गाणारांच्या व सुषिर वाद्ये वाजविणारांच्या गटात पंधरांहून अधिक मुले नसावीत, त्यांच्यात अंतर असावे, अशा मर्यादा सुचविल्या. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टल येथील संशोधकांनी दाखवून दिले, की सारख्याच आवाजात बोलणे आणि गाणे यांत हवेत उडणाऱ्या सूक्ष्म कणांचे प्रमाण फारसे भिन्न नसते. खरा फरक आवाजाच्या उंचीने पडतो. तथापि भीती एकदा बसली, की तिची उतरण सावकाश होते.

इंटरनेटवरून एकत्र वाजवावे, असा उपाय सुचणे साहजिक होते. पण ध्वनी एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचेपर्यंत जो विलंब होतो, तो सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांशांपलीकडे गेला, की दोघांची लय सुटू लागते. आणि साध्या घरगुती जोडणीवर तो याहून पुष्कळ अधिक असतो. मग प्रत्येकाने कानात ठोक्यांचा आवाज घेऊन आपला भाग निराळा ध्वनिमुद्रित करावा आणि कोणीतरी ते भाग संगणकावर जुळवावेत, ही युक्ती निघाली. तिचा परिणाम ऐकावयास बरा लागे. परंतु दुसऱ्याचे ऐकून आपला सूर किंचित मागे घेणे, चुकलेल्या सोबत्याला सांभाळून घेणे, हे जे समूहवादनाचे मर्म, ते त्यात उरत नाही. ठोका कोणाचेच ऐकत नाही.

आकड्यांचा न्याय

२०२० साली परीक्षाच न झाल्यामुळे शिक्षकांकडून प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी व वर्गातील क्रम मागविण्यात आला आणि त्यावर ‘ऑफक्वल’ या नियामक संस्थेने संख्याशास्त्रीय सूत्र लावले. १३ ऑगस्ट रोजी अठराव्या वर्षीच्या ‘ए लेव्हल’ परीक्षेचे निकाल लागले, तेव्हा इंग्लंडमध्ये शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ४० टक्के खाली ओढल्या गेल्याचे दिसले. शाळेचा पूर्वेतिहास हाच विद्यार्थ्याच्या भवितव्याचा मापदंड झाला होता. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि १७ ऑगस्टला सरकारला माघार घ्यावी लागली.

या सूत्रात एक विसंगती होती. एखाद्या विषयाला पाच किंवा त्याहून कमी विद्यार्थी असतील, तर संख्याशास्त्र तेथे लंगडे पडते. म्हणून अशा वर्गांत शिक्षकांचाच शब्द प्रमाण मानला गेला. ए लेव्हल संगीताचे वर्ग बहुधा असेच लहान असतात. त्यामुळे ज्या विषयाला विद्यार्थी मिळत नाहीत, त्याच विषयाचे विद्यार्थी सूत्राच्या तडाख्यातून सुटले. आणि लहान वर्ग चालविणे परवडते कोणाला? मुख्यतः शुल्क आकारणाऱ्या खासगी शाळांना. मापनाचे साधन तटस्थ दिसत असले, तरी ते कोणत्या जमिनीवर ठेवले आहे यावर त्याचा कल ठरतो, याचा हा बोलका दाखला होय.

बंद दारामागची रचना

२०२१ साठी नियामकांनी आधीच काही सवलती जाहीर केल्या. सादरीकरण व रचना या दोहोंतील अपेक्षा कमी करण्यात आल्या आणि समूहात वाजविण्याची सक्ती उठविण्यात आली. एकट्याचे वादनही पुरेसे मानले गेले. ४ जानेवारी २०२१ रोजी पुन्हा टाळेबंदी जाहीर झाली आणि त्याही वर्षी परीक्षा रद्द होऊन, हाती असलेल्या पुराव्यावरून शिक्षकांनी श्रेणी द्यावी, असे ठरले.

यांतील प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समजण्याजोगा आहे. पण त्यांचा एकत्रित परिणाम पाहावयास हवा. रचनेचा काही भाग शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावा, हा नियम ती विद्यार्थ्याचीच आहे याची खात्री पटावी म्हणून होता. ती घरी झाली, तेव्हा घरात कोण आहे, संगणक कोणता आहे, खासगी शिकवणी लावली आहे काय, यांना अप्रत्यक्षपणे गुण मिळू लागले. सादरीकरणाचेही तेच. ज्याच्या घरी पियानो आणि निवांत खोली आहे, तो विसाव्या प्रयत्नातील निर्दोष मुद्रण पाठवू शकतो. दोन भावंडांसह एका खोलीत राहणाऱ्या आणि शाळेच्याच वाद्यावर शिकलेल्या मुलाला पहिल्या प्रयत्नावरच समाधान मानावे लागते, आणि कित्येकदा वाद्यच शाळेत कुलुपात असते. शाळेचा वाद्यवृंद हे त्या मुलाला बरोबरीने उभे करणारे स्थान होते. तेथे वाद्य शाळेचे, वेळ शाळेची आणि सोबतीही शाळेचेच. सक्ती उठली ती नेमकी याच ठिकाणची.

लंडन येथील १८८९ साली स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक या संस्थेचा अनुभव येथे पडताळून पाहण्यासारखा आहे. तिच्या जुन्या प्रात्यक्षिक परीक्षेतील १५० गुणांपैकी ९० तीन रचनांच्या वादनाला, आणि उरलेले ६० स्वरमालिका, पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी तत्काळ वाजविणे व कानाची परीक्षा यांना होते. २०२० मध्ये तिने ध्वनिचित्रमुद्रणावर आधारलेली निराळी परीक्षा काढली. तीत चार रचना सलग, मधे न तोडता वाजवावयाच्या आणि एकूण सादरीकरणालाही ३० गुण. सलगतेच्या या अटीमुळे तुकडे जोडण्याला आळा बसला. ही सूज्ञ योजना होती. परंतु गळले काय, तर समोर परीक्षक बसल्यावाचून ज्यांना अर्थ राहत नाही असे घटक. दोन्ही ठिकाणी ज्याला दुसऱ्या माणसाची उपस्थिती लागते, तेच आधी वगळले गेले.

फुगलेल्या श्रेणी

गुण मात्र वाढतच गेले. संपूर्ण ब्रिटनमध्ये ए लेव्हलच्या सर्व विषयांत मिळून वरच्या दोन श्रेणींचे प्रमाण २०१९ मध्ये सुमारे २५.४ टक्के होते. २०२१ मध्ये ते ४४.८ टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये २७.२ टक्क्यांवर उतरले. मुले दोन वर्षांत एकाएकी हुशार झाली आणि पुन्हा तशीच मंद झाली, असे कोणी म्हणणार नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी लिहिताना असा इशारा दिला होता, की एखादा निर्देशांक नियंत्रणासाठी वापरू लागले की त्याची विश्वासार्हता ढासळते. श्रेणींचेही तेच झाले. यात शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्याच विद्यार्थ्याच्या भवितव्यावर आपणच शिक्का मारावयाचा असतो, तेव्हा संशयाचा फायदा त्याला देणे हा मनुष्यस्वभाव आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. २०२० साली दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि अन्य विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. पुढच्या वर्षी परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. आणीबाणीच्या वेळी दुसरा मार्ग नसेलही. पण जे मोजलेच नाही त्याच्या रकान्यात आकडा भरला, की तो आकडा पुढे आयुष्यभर खऱ्यासारखा वावरतो.

इंग्लंडमधील परीक्षा २०२३ पासून बहुतांशी पूर्वपदावर आली. तथापि पुढील संकटाची वाट न पाहता काही गोष्टी आजच ठरविता येतील. सलग मुद्रणाची अट टिकवावी. विद्यार्थ्याच्या वाद्याची आणि मुद्रणाची सोय करणे ही शाळेची जबाबदारी मानावी. समूहवादन शक्य नसेल तेव्हा ते सवलत म्हणून निमूटपणे पुसून न टाकता, या वर्षी हा भाग मोजता आला नाही, असे प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहावे. त्याने विद्यार्थ्याची मानहानी होत नाही. उलट जे राहून गेले ते भरून काढण्याचे ऋण शाळेवर आणि समाजावर नोंदले जाते. एरवी परीक्षेने जे सोडले ते हळूहळू वेळापत्रकातूनही सुटते, आणि ज्याच्या घरी पियानो नाही त्याच्या वाट्याला आलेले चौघांच्या संगतीचे ते एक मिनिटही त्याच्यापासून कायमचे हिरावले जाते.