विश्वारंभाचे दावे आणि पुराव्याची कसोटी

१८ ऑगस्ट जवळ आला की सिंधुदुर्गात विजयदुर्गाच्या निमित्ताने हेलियमची आठवण निघते. १८६८ साली याच दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून या किनाऱ्यावर चढली आणि पूर्वेस गुंटूर, मछलीपट्टणपर्यंत गेली. त्या ग्रहणातून हेलियमच्या शोधाला वाट मिळाली. हेलियमवरून विषय विश्वाच्या जन्माकडे वळणे स्वाभाविकच आहे. परंतु तेथे पोहोचताच आपल्याकडील व्याख्यानांत एक ठरावीक वाक्य हमखास ऐकू येते : ‘विश्व कसे निर्माण झाले हे विज्ञानाने सिद्ध केले आहे आणि आपल्या ऋषींना ते आधीच ठाऊक होते.’ टाळ्याही पडतात. या वाक्याची दोन्ही अंगे कसोटीस उतरत नाहीत, हे आता स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

प्रथम सिद्ध काय झाले ते पाहू. विश्व प्रसरण पावत आहे. एके काळी ते अतिशय तप्त व दाट होते. त्या काळाची खूण असलेले सुमारे २.७ केल्विन तापमानाचे प्रारण आजही सर्व दिशांनी येते. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांनी त्याचा शोध जाहीर केला. विश्वातील सामान्य द्रव्यात वस्तुमानाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम आहे व त्याचा बहुतांश पहिल्या काही मिनिटांत घडला, हाही भक्कम पुरावा आहे.

विश्वस्फीतीची गोष्ट मात्र वेगळी. इंग्रजीत हिला ‘इन्फ्लेशन’ म्हणतात (महागाईसाठीही तोच शब्द; आणि दोन्हींचा वेग सामान्य माणसाच्या आकलनापलीकडचा!). सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व प्रचंड वेगाने फुगले, ही कल्पना अ‍ॅलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडली. रशियात स्टारोबिन्स्की त्याच वाटेवर होते. आकाशाच्या दोन टोकांचा एकमेकांशी कधी संपर्कच आला नसेल, तर दोन्हींकडील प्रारणाचे तापमान इतके सारखे कसे, हे कोडे या कल्पनेने सुटते. कोबे उपग्रहाने १९९२ मध्ये त्या तापमानात लक्षांश भागाइतके चढउतार दाखविले. पुढे प्लँक उपग्रहाने त्यांचे जे सूक्ष्म स्वरूप मोजले, ते स्फीतीच्या अपेक्षेशी चांगले जुळते. हे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी स्फीतीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. जगभर मथळे झळकले, नोबेलची चर्चा सुरू झाली. वर्षही उलटले नाही तोच, जानेवारी २०१५ मध्ये, प्लँकच्या चमूबरोबर केलेल्या संयुक्त विश्लेषणातून निष्पन्न झाले की त्या खुणेचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा होता. ती खूण अद्याप सापडलेली नाही. उलट नंतरच्या मोजमापांनी स्फीतीची काही सोपी प्रारूपे बाद केली.

या सिद्धान्ताच्या आरंभीच्या शिल्पकारांपैकी एक, पॉल स्टाइनहार्ट, आज त्याचे कठोर टीकाकार आहेत. कोणताही निष्कर्ष आला तरी त्यात बसणारे स्फीतीचे एखादे प्रारूप तयार करता येत असेल, तर तपासायचे काय, हा त्यांचा प्रश्न. २०१७ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह तो जाहीरपणे मांडला, तेव्हा गुथ व हॉकिंग यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिले. उत्तरात तथ्य होते. प्रत्येक प्रारूप स्वतंत्रपणे तपासता येते, हे खरेच आहे. परंतु सह्यांच्या संख्येने शास्त्रीय वाद मिटत नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावे लागू नये. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि पुण्यात ‘आयुका’ उभारणाऱ्या डॉ. जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) हयातभर प्रस्थापित मताला प्रश्न विचारले. १९९१ मध्ये पद्मनाभन यांच्यासह त्यांनी स्फीतीचा सविस्तर चिकित्सक आढावा घेतला. १९९३ मध्ये हॉईल व बर्बिज यांच्यासह पर्यायी विश्वचित्र मांडले. आपण त्यांना हारतुरे पुष्कळ दिले, त्यांचा युक्तिवाद किती जणांनी वाचला? आणि केवळ मराठी म्हणून त्यांचे मत खरे मानणे हाही त्यांचा अपमानच. अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म सुया ताऱ्यांचा प्रकाश शोषून ते प्रारण निर्माण करतात, हे त्यांचे स्पष्टीकरण बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना पटले नाही आणि त्यामागे निरीक्षणांचीच कारणे होती.

आता ऋषींविषयी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टीचे उत्तर देत नाही, प्रश्न विचारते आणि शेवटी संशयावर थांबते. त्यावर महास्फोटाचे समीकरण चिकटविणारा आपल्या परंपरेचे अप्रूप वाढवीत नाही. तिचे सर्वांत धाडसी वैशिष्ट्यच पुसून टाकतो.

हीच कसोटी विजयदुर्गालाही लावली पाहिजे. तेथील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लॉकियर यांनी हेलियम शोधला, असे आपण अभिमानाने सांगतो. वस्तुस्थिती अशी की ग्रहणाच्या दिवशी गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन निरीक्षण करीत होते, तर लॉकियर यांनी ती पिवळी वर्णरेषा २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहणाविनाच नोंदविली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत. पुढच्या १८ ऑगस्टला गडावर येणाऱ्या शाळकरी मुलांना हा क्रम असाच सांगावा. शिलाहारांपासून आंग्र्यांपर्यंतचा इतिहास लाभलेल्या विजयदुर्गाला लॉकियरसाहेबांच्या पायधुळीची गरज नाही.