खेळण्यातली गाडी आणि वाढलेलं बिल

हिंजवडी, भूगाव, पिरंगुट या मुळशीच्या पट्ट्यात काम करणाऱ्या वायरमन मंडळींना एक तक्रार हमखास ऐकावी लागते: "पोराला बॅटरीची गाडी आणली आणि बिल वाढलं. बघा जरा." १९२१ च्या सत्याग्रहानंतरही मुळशीचं धरण झालं, त्या पाण्यावर भिऱ्याला मुख्यतः मुंबईसाठी वीज होते, आणि आपण आपली वीज महावितरणकडून विकत घेतो. तेव्हा युनिट बोचणारच.

पण गाडी निर्दोष आहे. मुलाला बसता येईल अशा छोट्या गाडीत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. चार्जिंगमधली घट धरून सव्वाशे-दीडशे. युनिटला दहा रुपये धरा. एका चार्जिंगला फार तर दीड रुपया. दिवसाआड लावली तरी महिन्याला वीस-बावीस रुपये. खरा खादाड हॉलमध्ये आहे. गेमिंग कन्सोल दोनशे वॅट, मोठा टीव्ही शंभर, रोज तीन तास: महिन्याला २७ युनिट. घरगुती दराची पायरी ३०० युनिटांना बदलते. आधीच २९० वापरणाऱ्या घरात यातली बरीचशी युनिटं वरच्या दरानं पडतात.

क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर २३० नी गुणून ग्राहकाला वॅट सांगू नका. छोट्या चार्जरचा पॉवर फॅक्टर कमी असतो, आकडा फुगतो. सॉकेटला लावायचा वॅटमीटर पिशवीत ठेवा.

गाडीचे पैसे जातात ते बॅटरीत. पावसाळ्यात आपल्याकडे गाडी चार महिने बाल्कनीत पडते, तीही उतरलेल्या बॅटरीसह. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि दिवाळीत नवी बॅटरी येते. वर्षभराच्या विजेपेक्षा ती महाग. पाऊस लागण्याआधी पूर्ण चार्ज करून तारा सोडवायच्या आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची, एवढं सांगायला पैसे पडत नाहीत. (घेतलेत तरी हरकत नाही.) चार्जर गेला तर राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडून देऊ नका, ही बॅटरी पूर्ण भरायला १४ व्होल्टच्या वर लागतात.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेच्या खेळण्यांचं मानक आयएस १५६४४. खेळणं २४ व्होल्टच्या आतलं असतं, धोका भिंतीकडच्या २३० व्होल्टचा. ओल्या बाल्कनीत खिडकीतून ओढलेला एक्स्टेंशन बोर्ड दिसला, तर तो काढायला लावा आणि तिथला पॉइंट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर घ्या. बिलाचं नंतर बघू.